सहाची पेज, सातची गोळी

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. गोंदियाजवळ, कामठ्याच्या बाजूला एका लहान गावातल्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. पोरांच्या वहीतला समास जरा वाकडा दिसला तरी माझ्या कपाळाला आठी पडते. म्हणून नागपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्या हातात डायरी ठेवून "रोज भरायची बरं का, एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही" असं बजावलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसले. बाई गं, तू हे कोणाला सांगतेस?

डायरी माझ्या लेकीची होती. लेक नऊ वर्षांची. तिच्या पोटात मूत्रपिंडाच्या वरच्या बाजूला गाठ निघाली होती, लहान मुलांनाच होणाऱ्या आणि भराभर पसरणाऱ्या कॅन्सरची. केमो झाली, ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला. केस परत आले, ती चार महिने शाळेतही गेली, आणि मग गाठ पुन्हा आली. डॉक्टर मॅडमनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं की नेहमीचे उपाय आता संपले. एक नवीन औषध आहे. मोठ्या माणसांना देऊन पाहिलं आहे, मुलांना ते किती द्यायचं आणि त्याचा उपयोग होतो का, याचा अभ्यास चालू आहे. त्या अभ्यासात तिला घेता येईल.

कागद बरेच होते. आमचे हे धानाच्या शेतातले माणूस, त्यांना कागदाचा कंटाळा. "एवढं वाचून का करनार? सही कर," असं म्हणून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी सगळं दोनदा वाचलं. फायदा होईलच असं नाही, असं लिहिलं होतं. आम्हाला वाटेल तेव्हा बाहेर पडता येईल, असंही होतं. आणि एका ओळीत होतं की नियम पाळले गेले नाहीत तर डॉक्टर सहभाग थांबवू शकतात. ती ओळ माशाच्या काट्यासारखी घशात अडकली ती अडकलीच.

लेकीसाठी वेगळा, चित्रांचा कागद होता. तिने विचारलं, "या औषधाने मी बरी होईन का?" डॉक्टर म्हणाल्या, "मला माहीत नाही. तेच आपण शोधतोय." तिने चित्रं पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग म्हणाली, "बरं," आणि तिने आपलं नाव लिहिलं, माझ्याच वळणाचं.

नियम सोपे होते. रोज सकाळी सात वाजता एक गोळी, रिकाम्या पोटी. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. चहा, दूध, बिस्किट, पोळी, फळ, सगळं बंद, अशी यादीच कागदावर छापली होती. फक्त पाणी चालेल. ताप आला तर लगेच फोन करायचा. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला यायचं आणि औषधाची बाटली सोबत आणायची, उरलेल्या गोळ्या मोजायला.

घरी मी लगेच शिस्त लावली. सकाळी डबा करून, अंघोळ उरकून मी सातला पाच कमी असताना लेकीसमोर उभी राहायची. "काही खाल्लंस का?" "नाही." मग पाणी, गोळी, "तोंड उघड, जीभ वर कर." मग डायरी. तारीख, वेळ, रिकाम्या पोटी: हो. खाली सही. सासूबाई अंगणातल्या चुलीपाशी बसून हा सोहळा रोज बघायच्या आणि म्हणायच्या, "मास्तरीन आहे बापा, औसदालेही परीक्षा आहे."

तपासणीच्या दिवशी मात्र गोळी घरी द्यायची नसे. पहाटेचं पाणी तेवढं पिऊन आम्ही गोंदियाहून गाडीने निघायचो. लेकीला गाडी लागते, म्हणून त्या दिवशी तिच्या पोटात कणही नसे. दवाखान्यात आधी रक्त घेत, मग सिस्टर स्वतः गोळी देत, मग दर थोड्या तासांनी पुन्हा रक्त. गोळीआधीच्या रक्तात आदल्या दिवसांचं औषध किती उरलंय ते कळतं, असं सिस्टरने मला समजावलं होतं.

तिसऱ्या तपासणीला डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं.

"घरी गोळी चुकते का?" त्यांनी विचारलं.

मी डायरी त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवली. त्यांनी पानं उलटली. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं नाही.

"मग तिच्या रक्तात औषध एवढं कमी का दिसतंय?" त्या म्हणाल्या. "आम्ही इथे गोळी दिली की नीट चढतं. घरून आल्या आल्या घेतलेल्या रक्तात मात्र निम्मंसुद्धा नाही."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे आम्ही गोळ्या फेकतो असं म्हणायचंय का तुम्हाला? मोजा ना, बाटली आणलीय!" सिस्टरने मोजल्या. गोळ्या बरोबर होत्या. उलटी होते का? नाही. थुंकते का? नाही, माझ्यासमोर गिळते. डॉक्टर माझ्यावर चिडल्या नाहीत, त्याने मी अजूनच चिडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "कारण तर शोधावं लागेल. मुलांच्या रक्तात औषध टिकतच नसेल, तर पुढच्या मुलांना डोस वाढवायचा का, हे ठरवावं लागेल. पुढच्या वेळी पुन्हा बघू."

बाहेर बाकावर बालाघाटकडची एक बाई बसली होती. तिची चार वर्षांची मुलगी पुढच्या गटात घ्यायची होती, कागद व्हायचे होते. तिने माझा हात धरून विचारलं, "दीदी, इस दवाई से कुछ फायदा होता है क्या?" मी म्हटलं, "अभी तो देख रहे हैं," आणि हात सोडवून घेतला.

परतीच्या गाडीत मी सगळ्यांवर संशय घेतला. बाटलीवर, नागपूरच्या मशीनवर, आणि सौंदडच्या माझ्या माहेरहून आलेल्या लोणच्यावरही, जे लेकीने कधी चाखलंही नव्हतं. घरी आल्यावर लेकीवर घेतला. शुक्रवारी संध्याकाळी तिला समोर उभं करून विचारलं, "खरं सांग, गोळी गालात धरून नंतर टाकतेस ना?" तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रडली, आवाज न करता. दवाखान्यात सुया टोचताना रडायची तशी. मी तरी तुळशीची कुंडी आणि न्हाणीच्या मागची जागा तपासून आले. आज हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

रविवारी मी साडेपाचलाच उठून मागच्या दारात उभी राहिले, चोर पकडायला उभं राहावं तशी.

सहाच्या सुमारास लेक डोळे चोळत अंगणात आली. सासूबाईंनी चुलीवरच्या गंजातून पेज काढली, मीठ घातलं, वाटी हलवून निववली आणि तिच्या हातात दिली. तिने ती गटागटा प्यायली, ओठ पुसले आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मी तिथून हलले नाही. सात वाजता तिच्यापुढे जाऊन रोजच्यासारखं विचारलं, "काही खाल्लंस का?"

माझ्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "नाही."

माझा हात वर गेला. सासूबाई धडपडत उठल्या. "काऊन वो? का झालं? पोरीले काऊन मारून राहिली?"

"पेज पाजली ना तुम्ही तिले! म्या पाहिलं."

"पेज?" त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "पेज का खानं होय का वो? पानीच त होय."

मी वर केलेला हात खाली आणला. त्या खोटं बोलत नव्हत्या. या धानाच्या मुलखात पेजेला कोणी खाणं म्हणत नाही. माणूस पेज पिऊन वावरात जातो आणि नऊ वाजता विचारलं तर सांगतो, अजून पोटात काही नाही. शाळेत मी पोरांना विचारते, काय खाऊन आलात, आणि निम्मी पोरं म्हणतात, काही नाही. मी त्यांच्याबद्दल हळहळते. आणि मी स्वतः? मीसुद्धा रोज सकाळी तीच पेज पिते आणि शाळेत कोणी नाश्त्याचं विचारलं तर "अजून नाही" म्हणते. छापील यादीत चहा होता, दूध होतं, बिस्किट होतं. पेज नव्हती, आणि ती नाही हे मला एकदाही जाणवलं नव्हतं.

केमोच्या दिवसांत लेकीच्या पोटात दुसरं काहीच ठरत नसे. तेव्हापासून सासूबाई तिला वाटी-वाटी पेज पाजत होत्या. त्या पेजेवरच ती जगली, असं मीच चार लोकांना सांगितलं होतं. म्हणजे नव्या औषधाच्या घरच्या पहिल्या गोळीपासून रोज सहाला पेज आणि सातला गोळी चालू होती, आणि खाली माझी सुंदर अक्षरात सही.

त्या दिवशी गोळी आठला दिली. डायरीत वेळ लिहिली. उशीर का झाला, त्याचा रकाना रिकामा सोडला. माझा पहिला रिकामा रकाना.

दुपारी यांना सांगितलं. त्यांनी हातातली दोरी वळून पुरी केली. मग म्हणाले, "नको सांगू. उद्यापासून पेज बंद. पुढच्या खेपेले रक्त बरोबर येईन. कोनाले का समजते?"

तेच माझ्याही मनात होतं. सांगितलं तर ती घशातली ओळ होती: नियम पाळले नाहीत तर सहभाग थांबवू शकतात. थांबवलं तर पुढे काही नाही, हे मॅडमनी स्वच्छ सांगितलेलं होतं. नाही सांगितलं, तर त्या कमी आकड्यांवरून पुढच्या मुलांचा डोस वाढायचा, त्यात ती बालाघाटची चार वर्षांची पोरही होती. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी मला तिचं काही पडलं नव्हतं. माझी लेक त्यात राहिली पाहिजे, एवढंच मला हवं होतं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

पुढची तपासणी अकरा दिवसांवर होती. फोन वाजला की वाटे दवाखान्याचाच आहे. वर्गात बेरीज शिकवताना फळ्यावर हातचा घ्यायला विसरले, आणि पोरं हसली तर त्यांच्यावर खेकसले. लेकीला काही सांगितलं नव्हतं, फक्त पेज आठनंतर मिळेल एवढंच. ती रोज माझ्याकडे बघायची, आपण काय गुन्हा केला ते शोधत असल्यासारखी.

सासूबाईंनाही मी नीट सांगितलं नव्हतं. पण भिंतींना कान असतात, आणि आमच्या भिंती तर पातळ आहेत. एका सकाळी न पेटवलेल्या चुलीपाशी बसून त्यांनी विचारलं, "माह्या पेजेनं पोरीले औसद लागलं नाई का?"

मी म्हटलं, "तसंच वाटून राहिलं, माय."

त्यांनी काटकीने थंड राख एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, "म्या दिली. म्या सांगन डॉक्टरनीले."

हे गोठ्यातून ओरडले, "माय, तू चूप बस! पोरीले काढून टाकतीन."

सासूबाईंचं माहेर तलाव बांधणाऱ्या लोकांचं. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रात्रंदिवस पाळत असते, पाळीत कुठे खेकड्याचं भोक पडून पाणी झिरपू लागलं का ते बघायला. त्या म्हणाल्या, "पाळीले भोक दिसलं त हाक मारा लागते. आपल्या हातून पडलं असन तरी मारा लागते. लपवलं त भोक का आपोआप बुजते?"

माझा तोल सुटला. "पाळ फुटली तर धान जाते, माय. इथं माझी पोरगी जाईन!"

"मले का मालूम नाई?" त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांचा आवाज फुटला होता.

तपासणीच्या दिवशी त्या आमच्याबरोबर निघाल्या. गोंदिया स्टेशनवर ऑटोवाल्याने "अम्मा, संभल के" म्हणून हात दिला तर त्यांनी त्याला डब्याला हात लावू दिला नाही. स्टीलचा एक डबा आणि वाटी त्यांनी पदराखाली धरली होती. गाडीत त्यांना मळमळत होतं. नागपूर येईपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या आणि डबा मांडीवर सरळ धरून ठेवला.

डॉक्टर मॅडमच्या टेबलावर त्यांनी तो डबा ठेवला. झाकण काढलं. "हे पेज. तांदळाच्या कनीची. रोज सहा वाजता म्या पोरीले देत होती. माह्या सुनेले मालूम नव्हतं. पोरीचा गुन्हा नाई. मले खानं वाटलं नाई हे."

लेक माझ्याकडे बघायला लागली. आपल्याला आई अकरा दिवस का टाळत होती, ते तिला तेव्हा कळलं असावं.

"किती देत होता?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाईंनी वाटी पुढे केली. सिस्टरने मोजपात्र आणून त्या वाटीत किती पेज मावते ते मोजलं. तांदूळ किती, पाणी किती, मीठ किती, हे सगळं डॉक्टरांनी विचारून विचारून लिहून घेतलं. इतक्या वर्षांत सासूबाईंचा स्वयंपाक कोणी लिहून घेतला नव्हता. मग पेन ठेवून मॅडम म्हणाल्या, "आमच्या यादीत पेज नव्हती. आम्हाला सुचायला हवी होती."

"तिला काढणार का?" मी विचारलं.

"मला हे वर कळवावं लागेल. या अभ्यासावर देखरेख करणारी समिती आहे. ती ठरवेल. तोवर गोळी चालू राहील."

"आणि ते सहा आठवडे? त्यात औषध कमी पडलं, ते..."

"त्याने काय फरक पडला असेल, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खोटा धीर नाही देत तुम्हाला."

सिस्टरने डायरी परत दिली आणि दुरुस्ती कशी करायची ते सांगितलं. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, सही आणि आजची तारीख. मी बाहेर बाकावर बसले. एकेचाळीस ओळी होत्या. 'हो'वर रेघ. 'नाही, सहा वाजता पेज.' सही. तारीख. दुसऱ्यांच्या वहीवर लाल रेघा मारण्यात माझा जन्म गेला, पण त्या दिवशी विसाव्या ओळीनंतर मला समोरचं दिसेना. लेक शेजारी बसून बोट ठेवत होती, "आई, ही राहिली."

बालाघाटची ती बाई येऊन बसली. तिचे कागद त्याच दिवशी व्हायचे होते. काय करताय, असं तिने विचारलं, तर मी सांगितलं, की सुबह पेज पिलाती थी, वह नहीं चलता.

ती हसली. "पेज मतलब पसिया? वह तो हम भी देते हैं, रोज. वह खाना थोड़े ही है."

मी पेन खाली ठेवला. तिच्या मांडीवर तिची मुलगी झोपली होती, टोपी कपाळावर घसरलेली. मी उठून तिला हाताला धरून सिस्टरकडे घेऊन गेले. तिचा हात मी बराच वेळ सोडला नाही.

फोन आला तो सहाव्या दिवशी, मधल्या सुट्टीत. मी ताटं वाढत होते. अभ्यासात ठेवायचं ठरलं होतं. मी "हो, हो" एवढंच म्हटलं, वरणाची पळी हातात तशीच, आणि पोरं म्हणाली, "मॅडम, वरण सांडून राहिलं."

त्यानंतरच्या रक्तात औषध नीट दिसलं. स्कॅनही झाला. गाठ वाढलेली नाही, लहानही झालेली नाही. पुढचा स्कॅन दोन महिन्यांनी. हे चांगलं की वाईट, हे मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, आत्ता एवढंच सांगता येतं. त्या एवढ्यावर आम्ही जगतोय. सासूबाई आता आठ वाजेपर्यंत चूल पेटवत नाहीत. स्वतःही पेज पीत नाहीत, पोरीला वास जाईल म्हणतात.

परवा सकाळी गोळी देऊन मी डायरी लिहीत होते. लेक पायरीवर बसली होती. ती एकदम म्हणाली, "आई, भूक लागली."

सासूबाईंनी मान वर केली. दीड वर्ष झालं, आम्ही तिच्या तोंडात घास कोंबला आहे, वाटी ओठाला लावली आहे, एक घोट घे म्हणून हातापाया पडलो आहोत. तिने स्वतःहून हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

"काय हवंय?" मी विचारलं.

"भात. खूप."

मी घड्याळाकडे बघितलं. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सासूबाईही घड्याळाकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थांब," मी म्हटलं.